पाव वाटा

फॉर्ममध्ये एकवीस प्रश्न.
प्रत्येकापुढे पाच चौकोन, शून्य ते चार.
शून्य म्हणजे अजिबात नाही,
चार म्हणजे पूर्वीसारखं.
पूर्वी म्हणजे कधी, ते छापलेलं नाही.

सहदेव खवणेकर, वय एकसष्ट, मुक्काम तळाशील.
एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र,
मध्ये हे घर आणि खळ्यात सुकत घातलेला गोलमा.
सात महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं.
सगळे वारे आधी ओळखणारा माणूस,
हा एक तेवढा कळला नाही.

कणकवलीला, आमच्या केंद्रात, फरशीवर
दहा मीटर तो बावीस सेकंदांत चालला होता.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
मी घड्याळ थांबवलं, फाइल मिटली.

इथे फरशी नाही. पुळण आहे.
काठी वीतभर आत जाते.
म्हणून त्याने काठीच्या टोकाला ठोकली आहे
एक पालथी करवंटी,
आणि ती चालते पुळणीवर ठप, ठप,
खाली गोल गोल ठसे सोडत.
आमच्या साहित्याच्या यादीत असलं काही नाही.

“गेल्या चार आठवड्यांत घराबाहेर किती वेळा पडलात?”
“दोनदा पडलंय. एकदा पायरयेर,
एकदा माडाच्या मुळात.”
आतून प्रमिला हसते.
मी खोडरबर शोधते.

“सणवार, लग्नकार्य?”
“जत्रेक गेलंय. खुर्चेर बसवल्यानी. पावण्यासारखो.”
मी दोनवर खूण करते,
मग पुसून एकवर.

“काम?”
यावर तो बोलत नाही, उठतो.
उठायला त्याला बराच वेळ लागतो,
तो मी मोजत नाही.
“चल. दाखवतंय.”

किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं.
दोन दोर, दोन रांगा, चाळीसेक माणसं,
टाचा रुतवून मागे मागे सरकणारी.
रांगेच्या शेवटी, जिथे ओला दोर
हातांतून सुटून नुसता पडत राहतो,
तिथे तो पाय पसरून बसला
आणि डाव्या हाताने वेटोळं घालू लागला.
उजवा हात उचलून वेटोळ्यावर ठेवला,
वजन म्हणून.
दोन वेटोळी विस्कटली. तिसरं बसलं.

“आधी पुरो वाटो धाडीत घराक. दयेचो.
बांगडे तेच, पन घशाखाली उतरां नाय.
मगे मीच येऊन बसलंय हंय.
तांडेलान सात दिवस नुसतो बघल्यान.
आठव्या दिसा पाव वाटो घातल्यान.
मोजून.”
आणि माझ्या पेनाकडे बोट दाखवत,
“पाव लिव. पन माझो लिव.”

पाव म्हणजे चारातला एक.
फॉर्मवरही एकच येतो.
ऑफिसात हा आकडा भरला
की चौकोन आपोआप लाल होतो:
तीव्र मर्यादा.
त्याच प्रश्नाखाली बारीक अक्षरात:
कुणाच्याही मदतीशिवाय?
मी दोराला लागलेल्या चाळीस माणसांकडे पाहिलं
आणि ती ओळ कोरी ठेवली.

“गे बाय, उभी कित्या? लाव हात!”
कोण ओरडलं कळलं नाही.
मी फाइल पुळणीवर ठेवली, वर चपला.
दोर खारट, काथ्यासारखा खरखरीत.
माझ्या टाचा रुतेनात,
मी ओढत होते की दोराला लोंबत होते
ते त्या रांगेतल्या सगळ्यांना कळत होतं.
मागे तो माझ्या हातून सुटलेला दोर
मुकाट्याने वळत होता.

मग जाळं लागलं. बांगडे, थोडी दोडी,
बरेचसे पेडवे, एक रागावलेला खेकडा.
वाटे पडले.
सहदेवपुढे चार बांगडे.
त्याने ते एकेक उलटून पाहिले.

तांडेल माझ्यासमोर येऊन थांबला,
वरपासून खालपर्यंत बघितलं,
आणि एक पेडवा ठेवला.
बोटाएवढा.

कुणी हसलं नाही.
हिशेब चोख होता.